गोळी दोन रुपयांची, अर्धा तास मात्र कुणी देत नाही

खारघरच्या आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना झाल्यावर आम्ही बायका थोडा वेळ मागे थांबतो. मागच्या वर्षावासात ग्रंथवाचन संपले की अर्धा तास तब्येतीच्या गोष्टी बोलायच्या असे आम्ही ठरवले. पहिल्याच रविवारी एका ताईने पिशवीतून थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली काढली आणि विचारले, "ही अजून कुणाकडे आहे?" आधी सगळ्या गप्प. मग एकेक करत सात हात वर आले. त्यातल्या दोघी भिंतीला भिंत लावून राहतात. चार वर्षे दोघी हीच गोळी घेत होत्या आणि एकीला दुसरीचे माहीत नव्हते.

दुसरा प्रश्न आम्ही विचारला, "गोळी कधी घेता?" सातपैकी पाच जणी म्हणाल्या, चहाबरोबर. एक म्हणाली, आठवेल तेव्हा. एकीने तर दोन महिन्यांपूर्वी बंदच केली होती, कारण "रिपोर्ट काही खाली येत नाही, मग कशाला पैसे घालवायचे?"

या लेखातून आम्हाला एवढेच सांगायचे आहे. या आजाराचे औषध स्वस्त आहे, साधे आहे आणि चांगले आहे. आपल्या घरात अडते ते औषधापाशी नाही, बाईच्या सकाळपाशी अडते. ते कसे, हे कळण्यासाठी आधी आजार समजून घेऊ.

थायरॉईड म्हणजे काय?

"मला थायरॉईड आहे," असे आपण म्हणतो. खरे तर थायरॉईड सगळ्यांनाच असते. गळ्यात पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची ही एक ग्रंथी आहे. शरीराचा वेग ती ठरवते. हृदय किती जोरात चालावे, अन्न किती लवकर पचावे, अंगात ऊब किती राहावी, पाळी कशी यावी, हे सगळे तिच्या रसावर चालते.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. काही जणांच्या शरीरात ही फौज चुकते आणि आपल्याच ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते. ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते आणि रस कमी पडतो. यालाच ऑटोइम्यून थायरॉईड म्हणतात. हाशिमोटो हेही त्याचे नाव. जपानमधले शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या गळ्यातल्या ग्रंथी तपासून या आजाराचे पहिले वर्णन लिहिले. हा शरीराचा स्वतःवरचाच हल्ला आहे, हे लंडनच्या संशोधकांनी १९५६ साली दाखवून दिले. त्याच वर्षी आपण नागपूरला धम्म घेतला.

म्हणजे यात कुणाची नजर नाही, बाधा नाही आणि मागच्या जन्मीचे भोगही नाहीत. ती भाषा आपण दीक्षाभूमीवर सोडून आलो. प्रत्येक गोष्टीला कारण असते, तसे यालाही आहे. हा आजार घराण्यात चालत येतो, पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त दिसतो, आणि बाळंतपणानंतरच्या वर्षात पुष्कळदा डोके वर काढतो.

तो दुर्मीळही नाही. मुंबईसह देशातल्या आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दर दहा माणसांमागे साधारण एकाची थायरॉईड कमी चालत असल्याचे आढळले. आपल्या एका चाळीत किती माणसे राहतात ते मोजा, म्हणजे अंदाज येईल.

'आळशी झाली आहे'

लक्षणे काय? सतत थकवा. झोपून उठले तरी अंग जड. वजन वाढणे, बद्धकोष्ठ, केस गळणे, कातडी कोरडी पडणे, दुसऱ्यांना उकडत असताना आपल्याला थंडी वाजणे, पाळीत जास्त रक्त जाणे, चेहरा सुजल्यासारखा दिसणे, मन उदास राहणे, विसरायला होणे.

आता ही यादी आपल्या घरातल्या भाषेत वाचा. "हल्ली हिला काम नको." "नुसती झोपते." "खाऊन खाऊन फुगली." "कुणाशी नीट बोलत नाही." आमच्यातल्या एका ताईने ही वाक्ये तीन वर्षे ऐकली. ती सेक्टरमधल्या चार घरी भांडी-लादी करते. तिसऱ्या घरी जिने चढताना बसावे लागायचे, म्हणून ते काम सुटले. नवरा म्हणायचा, नाटक करते. शेवटी पाळीत फार रक्त जाऊ लागले म्हणून ती दवाखान्यात गेली, तेव्हा थायरॉईडची तपासणी झाली. टीएसएच निघाला साठच्या वर. साधारण चारपर्यंत असायला हवा. गोळी नीट सुरू झाल्यावर काही महिन्यांत ती पुन्हा चार घरी काम करू लागली. आळस गोळीने जात नसतो. तो आजार होता.

टीएसएचचा अर्थही समजून घेऊ, कारण रिपोर्ट हातात आला की गोंधळ होतो. मेंदूत एक मुकादम बसलाय असे समजा. कामगार ढिला पडला की मुकादम जास्त ओरडतो. टीएसएच म्हणजे त्या मुकादमाचे ओरडणे. ग्रंथी कमी काम करते तेव्हा टीएसएच वाढतो. म्हणून "टीएसएच वाढला" म्हणजे "थायरॉईड कमी पडली". टीपीओ अँटिबॉडी नावाची तपासणी हल्ला शरीराच्या आतूनच आहे का ते दाखवते. ती सुरुवातीला एकदा झाली की बहुतेकांना पुन्हा पुन्हा करायची गरज नसते. तेवढे पैसे वाचवा.

पहिला चहा

उपचार एकच, कमी पडणारा रस गोळीने भरून काढणे. लेव्होथायरॉक्सिन हे तिचे नाव. ती देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, जनऔषधी दुकानांतही असते, आणि दिवसाला साधारण दोन-एक रुपये पडतात. ही नशा नाही, सवय लागत नाही. शरीरात जे कमी आहे तेच आपण वरून देतो. बहुतेकांना ती जन्मभर घ्यावी लागते.

पण ही गोळी हट्टी आहे. तिला रिकामे पोट लागते. साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहा नाही, दूध नाही, बिस्कीट नाही. चहाबरोबर घेतली तर गोळी अंगी पूर्ण लागत नाही. रक्तवाढीची लोहाची गोळी, कॅल्शियम आणि ॲसिडिटीचे पातळ औषध यांच्यात आणि हिच्यात चार तासांचे अंतर हवे.

आता आपल्या घरातली सकाळ पाहा. साडेचारला पाणी भरायला उठायचे. पाचला चहा टाकायचा. डबे, मुलांची शाळा, सासऱ्यांचे पाणी, आणि सव्वासहाला कामाला बाहेर. चहाचा तो एक कप हेच तिचे सकाळचे खाणे. तो सुटला तर दुपारपर्यंत पोटात काही नाही. म्हणून ती गोळी आणि चहा एकदमच घेते. डॉक्टर रिपोर्ट पाहून गोळी वाढवतात, पन्नासची पंचाहत्तर, पंचाहत्तरची शंभर. ती पुन्हा चहाबरोबरच जाते. मग घरात म्हणतात, गोळी लागू पडत नाही.

मोठ्या सोसायट्यांतल्या ज्या बाईंकडे आपण कामाला जातो, त्यांच्याकडेही हीच बाटली असते. गोळी तीच, डोसही कधी कधी तोच. पण त्यांच्या उशाशी पाण्याचा ग्लास असतो आणि त्यांचा चहा दुसरे कुणीतरी करते. अनेकदा आपणच करतो. दोघींच्या रिपोर्टमधला फरक कुठून येतो, तो इथे दिसतो.

आमचे म्हणणे म्हणून अगदी साधे आहे. ज्या घरात बाईला ही गोळी आहे, त्या घरात सकाळचा पहिला चहा दुसऱ्या कुणीतरी टाकावा. नवऱ्याने टाकावा, मुलाने टाकावा, मुलीने टाकावा. तिने उठल्या उठल्या उशाजवळची गोळी पाण्याबरोबर घ्यावी, पाणी भरावे, आणि अर्ध्या तासाने चहा तिच्या हातात यावा. समतेची भाषणे आपण १४ एप्रिलला भरपूर ऐकतो. ती रोज सकाळी अर्धा तास आपल्या चुलीपाशी पाळून पाहू.

घरातून मदत होण्यासारखी नसेल, कामाची पाळी रात्रीची असेल, तर दुसरा मार्गही आहे. रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी, झोपताना गोळी घेतली तरी ती चांगली लागू पडते. डॉक्टरांना विचारून एक वेळ ठरवा आणि तीच पाळा. अष्टशील पाळणाऱ्या काही आजी विचारतात, पौर्णिमेला उपोसथ असतो, मग गोळी चालेल का? चालेल. गोळी हे अन्न नाही, औषध आहे. आजाऱ्याच्या औषधाला भगवंतांनी भिक्खूंनाही मुभा दिली होती.

गैरसमजांचा नवा अंगारा

गंडे-दोरे आपण सोडले, पण मोबाईलवर आलेले काढे सोडलेले नाहीत. "धन्याचे पाणी एकवीस दिवस प्या, थायरॉईड मुळापासून जाईल." एका ताईने हे वाचून गोळी बंद केली होती. पहिले काही दिवस काहीच वाटले नाही, म्हणून तिला खरे वाटले. पण या गोळीचा अंमल शरीरातून हळूहळू उतरतो. आठवडाभरात जेमतेम निम्मा जातो. त्रास महिना-दीड महिन्यानंतर दिसतो आणि तेव्हा कारण लक्षात येत नाही. याच कारणाने डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासणी करायची, आधी नाही.

कोबी-फ्लॉवर बंद करायची गरज नाही. शिजवून नेहमीच्या प्रमाणात खा. सोयाबीनच्या वड्या खायच्या तर गोळीपासून लांबच्या वेळी खा. मीठ आयोडीनचेच वापरा, सैंधवात ते पुरेसे नसते. पण आयोडीनची जास्तीची औषधे स्वतःहून घेऊ नका. या आजारात ती उलटू शकतात. वजन कमी करायला गोळी वाढवू नका. जास्त डोसने छातीत धडधड होते आणि हाडे ठिसूळ होतात. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात बाटली वरच्या फळीवर किंवा शेगडीजवळ ठेवू नका. घरातल्या सगळ्यात गार आणि कोरड्या जागी, झाकण घट्ट लावून ठेवा. कंपनी शक्यतो बदलू नका. बदललीच तर डॉक्टरांना सांगा.

खारघरात आणखी एक भीती आहे. इथे टाटांचे कॅन्सरचे मोठे केंद्र आहे. कुणाच्या गळ्याला सूज दिसली की वस्तीत कुजबूज सुरू होते, "आता टाटाला जावे लागणार." त्या भीतीने बायका पदर गळ्याभोवती घेतात आणि दवाखान्यातच जात नाहीत. या आजारात ग्रंथी सुजू शकते, आणि ती सूज म्हणजे कॅन्सर नव्हे. मात्र गाठ कडक लागत असेल, भराभर वाढत असेल, आवाज बसला असेल किंवा गिळताना अडत असेल, तर लगेच दाखवा, सोनोग्राफी करून घ्या. भीतीने लपवण्यापेक्षा दाखवून निर्धास्त होणे बरे.

लग्नाच्या बैठकीत लपलेली बाटली

आता जरा अवघड विषय. आमच्या ओळखीच्या एका मुलीला कॉलेजात असताना गोळी सुरू झाली होती. लग्न ठरताना घरच्यांनी तिला सांगितले, "तिकडे बोलू नकोस." सासरी एकच खोली. बाटली कुठे ठेवणार? तिने गोळी बंद केली. दोन महिन्यांत दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. कशामुळे गेला हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आले नाही. पण टीएसएच फार वाढलेला होता आणि तो धोका टाळता आला असता, एवढे त्यांनी सांगितले. त्या मुलीला मात्र अजून वाटते की चूक तिची आहे. आमच्या मते चूक तिला गप्प बसवणाऱ्यांची आहे, आणि त्या बैठकीला जाणाऱ्यांत आम्हीही होतो.

पहिल्या तीन महिन्यांत पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीला आईच्याच रसाचा आधार असतो. म्हणून दिवस राहण्याच्या आधीच टीएसएच ठीक करून घ्यावा. पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे, कारण गरोदरपणात डोस बहुधा वाढवावा लागतो. गोळी बाळाला बाधत नाही, गोळी बंद केलेली बाधते. आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात, त्याही घ्यायच्याच. फक्त चार तासांचे अंतर ठेवायचे. थायरॉईडची गोळी पहाटे, लोह दुपारी, कॅल्शियम रात्री, असे केले की गोंधळ होत नाही.

नीट उपचार घेणारी मुलगी शिकते, नोकरी करते, संसार करते, निरोगी बाळाला जन्म देते. मग लपवायचे कशाला? मुलाकडच्यांनो, सोयरिकीत गोळीची बाटली दिसली तर मुलीत खोट काढू नका. आजार ओळखून रोज औषध घेणारी मुलगी शहाणी आहे, असे समजा.

आणि औषध घेणे हा कमीपणा वाटत असेल, तर बाबासाहेबांचे आठवा. त्यांना मधुमेह होता, पायांच्या असह्य वेदना होत्या, इन्सुलिन घ्यावे लागे. त्याच दुखण्याच्या वर्षांत त्यांनी राज्यघटनेचे काम केले. माईसाहेब स्वतः डॉक्टर. त्यांनी पथ्य आणि औषधे सांभाळली. घरातल्या माणसाचे औषध घरानेच सांभाळायचे असते, हे उदाहरण आपल्यासमोर आहे. भगवंत आणि आनंद यांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्या मानाने एक कप चहा टाकणे फार नाही.

आपण काय करू शकतो

आमच्या विहारात आता भिंतीवर एक कागद लावला आहे. त्यावर कुणाचे नाव नाही. फक्त एवढे लिहिले आहे: गोळी रिकाम्या पोटी. चहा अर्ध्या तासाने. लोह-कॅल्शियम चार तासांनी. तपासणीच्या दिवशी आधी रक्त, मग गोळी. तब्येत स्थिर झाल्यावरही वर्षातून एकदा तरी तपासणी. रिपोर्टची फाईल एकाच पिशवीत. ज्या घरात आईला हा आजार आहे तिथे मुलींनी आणि बहिणींनीही एकदा तपासून घ्यावे. शाळेतल्या मुलीची उंची थांबली, ती सुस्त झाली, तर तिलाही न्यावे.

पनवेल महानगरपालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी विचारा, मगच खासगी लॅबकडे जा. तपासणी किंवा गोळ्या तिथे मिळत नसतील तर एकटीने परत फिरू नका. दहा जणींनी सह्यांचा अर्ज द्यायचा. बाळंतपणाची रजा आणि त्या काळातला आधार हा बाईचा हक्क आहे, असे बाबासाहेब १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात मांडत होते. प्रत्येक गरोदर बाईची थायरॉईड तपासणी वस्तीजवळच्या केंद्रात व्हावी आणि गोळी तिथेच मिळावी, ही मागणी त्याच वाटेवरची आहे.

गोळी बंद केलेल्या त्या ताईने ती पुन्हा सुरू केली. दोन महिन्यांनी रिपोर्ट आला, टीएसएच निम्म्याहून खाली. डोस वाढवला नव्हता. आम्ही विचारले, काय केलेस? ती म्हणाली, "मी काही केले नाही. मुलगा दहावीला आहे, अभ्यासाला पाचला उठतो. तोच आता चहा टाकतो."

आपल्या घरी उद्या पहिला चहा कोण टाकणार, हे आज रात्रीच ठरवा.

जय भीम! नमो बुद्धाय!